पितरपाटात सुरू झालेला सराव

गणपती बसलेले होते. मुलगी शाळेतून आली आणि दप्तर खाली न ठेवताच म्हणाली, "मम्मी, तुला आणि आजीला पळायचंय."

मला आधी वाटलं, कुठं तरी आग लागली. माझा स्वभावच तसा आहे. अवेळी दार वाजलं की मी आधी घरातली माणसं मोजते. गॅसचं बटण बंद केलं का हे बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत येते आणि बंद दिसलं तरी एकदा हात लावून बघते. त्यामुळे ती काय सांगते आहे ते कळायला मला जरा वेळ लागला.

आमच्या पुंडलिकनगरातलं एक महिला मंडळ दर थंडीत बायकांची दौड ठेवतं. दरवर्षी काही तरी विषय असतो. एकदा सगळ्या जणी पिवळ्या साड्या नेसून पळाल्या होत्या. यंदाचा विषय होता सासू-सून. जोडीनंच नाव द्यायचं, दोघींनी नऊवारी नेसायची, पाच किलोमीटर जायचं, पळत नाही तर चालत, आणि शेवटची रेघ हातात हात घालून ओलांडायची. सगळ्यांच्या मागून एक गाडी येणार. त्या गाडीनं गाठलं की तिच्यात बसायचं, म्हणजे संपलं.

आत्या खिडकीजवळच्या खाटेवर मेथी निवडत होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. इकडं सुना सासूला आत्या म्हणतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पळायचं कशापायी? मागं कोन लागलंय?"

"कोणी नाही गं आजी. मेडल मिळतं."

"आन् ते गळ्यात घालून म्या जाऊ कुठं? खाटंवरून मोरीत?"

मुलगी हसली. मला हसू आलं नाही, कारण ते खरं होतं. आदल्या पावसाळ्यात पिशोरच्या घरी, अंगणातल्या शेवाळलेल्या दगडावरून आत्यांचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. घरात त्या एकट्याच. शेजारीण ताक मागायला आली तेव्हा कळलं. इथं आणून ऑपरेशन केलं, आत सळई घातली. हाड जुळलं. पण त्यानंतर माझ्या नवऱ्यानं त्यांना गावी जाऊ दिलं नाही. आत्या भांडल्या नाहीत. खिडकीजवळ बसून राहिल्या. डॉक्टर म्हणायचे, पाय बरा झालाय, आता यांना चालवा. आत्या विचारायच्या, "चालून जायचं कुठं?"

त्या संध्याकाळी जेवताना मुलीनं पुन्हा दौडीचा विषय काढला. नवरा म्हणाला, "माय, तू पाच किलोमीटर? जिना उतरायचा तर मला हाक मारतीस."

"आन् चालले तर?"

"चाललीस तर मागशील ते दीन."

आत्यांनी ताटातला भाकरीचा तुकडा मोडला. "मला पिशोरला नेऊन घाल. मह्या घरी."

नवऱ्यानं पाण्याचा तांब्या उचलला, परत ठेवला. मग म्हणाला, "बरं. आधी चाल तर."

तो हे विषय संपवायला बोलला, हे मला कळलं. आत्यांनी मात्र त्यातलं 'बरं' तेवढं घेतलं.

माझी झोप तेव्हापासून उडाली. सराव कधीपासून सुरू करायचा, हा एकच प्रश्न डोक्यात. मी आठवीनंतर शाळा सोडलेली बाई. कोकणात आमच्या वाडीपासून शाळा दोन डोंगर पलीकडं, घरात धाकटी भावंडं, मग राहिलंच ते. त्यामुळे आपल्याला माहीत नाही ते दुसऱ्या कोणाला तरी नक्की माहीत असणार, असं मला कायम वाटतं, आणि मी विचारत सुटते. मुलीनं मोबाइलवर बघून सांगितलं की नवख्या माणसानं तीन महिने तरी आधी सुरू करावं, म्हणजे आत्ताच. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. साडी द्यायला खालच्या मजल्यावरची बाई आली, तिला विचारलं. ती आणि तिची सासू पण नाव देणार होत्या.

"आठ दिवस आधी केलं तरी बास होतं," ती म्हणाली. "आत्तापासून पळाल्या तर तोवर दम संपून जाईल तुमचा. आमच्या सासूबाई तर डायरेक्ट त्याच दिवशी पळणारेत."

"त्यांना जमेल?"

"मला हरवायचं म्हटल्यावर त्यांना काय पण जमतं."

आत्या म्हणाल्या, गणपती उठू दे. ते मला पटलं, घरात पाहुणे होते. गणपती उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "आत्या, आज बूट आणू या का तुमच्यासाठी?" आत्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी देवासमोर चप्पल घालून उभी आहे.

"पितरपाट लागला. आता कुठं बूट? पितरपाटात नवं काय आणत नायत, नवं काय धरत नायत."

पितृपक्षाला इकडं पितरपाट म्हणतात. सासऱ्यांची तिथीही त्यातच येते. आत्या या बाबतीत कोणाचं ऐकत नाहीत. त्या दिवसांत त्या नवी केरसुणीसुद्धा घरात येऊ देत नाहीत. मी कॅलेंडर काढलं. पितरपाट संपणार, मग नवरात्र, मग दसरा, दिवाळी. मोबाइल म्हणतो आत्ता, आत्या म्हणतात नको. आणि माझ्या चिंतेला दोन तोंडं होती. सराव उशिरा सुरू झाला तर आत्या खिडकीत राहतील. वेळेवर झाला तर त्या पिशोरला जातील, आणि तो दगड अजून अंगणातच आहे.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं तर आत्या जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या. लुगडं आवरून घेतलेलं, पायात त्यांची जुनी झिजलेली चप्पल, हातात काठी.

"कुठं निघालात?"

"चालायला."

"पण पितरपाट..."

"चालनं नवं हाय व्हय? मव्हा जल्म व्हायच्या आधीपासून लोकं चालत्यात. बूट नवे. ते नको. चालनं जुनंच हाय." मग काठी टेकत म्हणाल्या, "मही सासू, तिची सासू, समद्या याच दिसांत घरी येत्यात. बसलेली बगून काय म्हनतील?"

दूध तसंच दारात ठेवून मी निघाले. पहिल्या दिवशी आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि आलो. मी पुढं झाले, सवयीनं भराभर. मागून आवाज आला, "दमानं गं."

आणि आम्ही दोघी एकदम हसलो.

त्या शब्दाची एक गोष्ट आहे. लग्न होऊन पिशोरला आले तेव्हा मला इकडची बोली धड कळत नव्हती. इथल्या एका कंपनीत असणाऱ्या माझ्या दूरच्या मामांनी हे स्थळ आणलं. कोकणातून निघाले ती रात्रभर एसटी आणि वर अर्धा दिवस. उतरले तर सगळीकडं काळी जमीन आणि माणसं मराठीच बोलतात पण माझी नाही. पहिल्याच आठवड्यात मळ्यातल्या विहिरीवरून डोक्यावर हंडा घेऊन येत होते, मागून आत्या म्हणाल्या, "दमानं ये." दम म्हणजे जोर, एवढंच मला ठाऊक. वाटलं, मी हळू चालते म्हणून रागावल्या. मी चालायचा जोर वाढवला. त्या आणखी मोठ्यानं ओरडल्या, "अगं दमानं, दमानं!" मी पळायलाच लागले. घरी पोचले तेव्हा हंडा अर्धा आणि मी पूर्ण भिजलेली. आत्या मागून धापा टाकत आल्या. मला रडू फुटलं. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, आणि त्या ओट्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदरानं माझं डोकं पुसलं आणि म्हणाल्या, "दमानं म्हंजी हळू, पोरी. दम खात खात."

ती गोष्ट त्यांनी गावात कोणालाही सांगितली नाही. सांगितली असती तर मला ते नावच पडलं असतं. परक्या मुलखात आलेल्या पोरीवर याहून मोठे उपकार कोणते, मला माहीत नाही. तसं बाकीचंही पुष्कळ आहे. माझी आई गेली तेव्हा एवढा लांबचा प्रवास करून त्याच माझ्यासोबत आल्या. तिथं त्यांना अर्धं बोलणं कळत नव्हतं. पण तेरावा होईपर्यंत त्या माझ्या माहेरच्या चुलीपाशी बसून नारळ खवत राहिल्या. त्याआधी त्यांनी खवणी पाहिलीही नव्हती.

पितरपाटात आम्ही रोज थोडं थोडं पुढं गेलो. आधी गल्ली, मग चौक, मग चौकाच्या पुढची शाळा. आत्या कधीच माझ्या बरोबरीनं चालायच्या नाहीत. एक पाऊल मागं. मला वाटायचं पाय दुखतो. थांबू का, हात देऊ का, असं मी सारखं विचारायची. एकदा त्या वैतागल्या.

"मह्या बापाकडं मेंढरं व्हती. मेंढरामागं चालनाऱ्यानं मागंच ऱ्हायचं असतं. म्होरं गेलं तर कोन लंगडतंय ते कसं दिसंल?"

"पण इथं लंगडतंय कोण? तुम्हीच ना?"

"तू," त्या म्हणाल्या. "सारखी मागं वळून बगतीस. वळून बगनारं जनावर ठेचाळतं."

घट बसले आणि मी पुन्हा बुटांचं काढलं. आता तर पितरपाट संपला होता. पण आत्या नवरात्राचे नऊ दिवस पायात काही घालत नाहीत. आमच्याकडं पुष्कळ बायका पाळतात. म्हणजे जुनी चप्पलही गेली. मुलगी कपाळावर हात मारून म्हणाली, "मोबाइलमध्ये कुठंच असं लिहिलेलं नाही." आत्या म्हणाल्या, "त्याला कोन विचारलंय?" आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी कर्णपुऱ्याच्या देवीला चालत जायचं ठरवलं.

मी नको नको म्हटलं. लांब आहे, रस्त्यात खडी आहे, गर्दी आहे. त्यांनी काठी घरीच ठेवली. पहाटेच्या अंधारात निघालो तर रस्ताभर माणसं, पोरीबाळी, म्हाताऱ्या, सगळी अनवाणी. मग मला भीती वाटेना. एवढ्या लोकांत पडलंच कोणी तर कोणी तरी उचलेल. मधे एका रिक्षावाल्यानं गाडी हळू केली. "अम्मा, बैठो, छोड देता मंदिर तक."

"नको रे बाबा," आत्या म्हणाल्या, "पैदल का बोली मैं देवी को."

त्यांचं हिंदी मी पहिल्यांदाच ऐकलं. रिक्षावाला हसून म्हणाला, "फिर दुआ में हमको भी याद रखना," आणि गेला. देवळापाशी यात्रेतल्या पाळण्यांजवळ आम्ही कठड्यावर टेकलो. आत्यांचे तळवे धुळीनं पांढरे झाले होते. मुलीनं मोबाइलवर मोजून आधीच सांगितलं होतं, हे अंतर दौडीपेक्षा फार कमी नाही. आत्यांना मी ते सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पाळण्यांकडं बघत म्हणाल्या, "पिशोरच्या बाजारात बी असा पाळना यायचा."

दसऱ्याला बूट आले. पांढरे, जाळीचे. लुगड्याखाली ते बूट घालून आत्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही बाजूंनी वळून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बकऱ्याला मोजं घातल्यावानी दिसतंय." पण काढले नाहीत. मला नऊवारी नेसायला त्यांनीच शिकवलं. जन्मभर साड्यांना फॉल लावणारी मी, आणि या साडीला फॉलच लागत नाही. कासोटा कुठं खोचायचा, पावलाला लुगडं कुठं अडतं, हे सगळं त्यांना न बघता येत होतं. दिवाळीपर्यंत आम्ही रोज जात होतो. मधे मधे त्यांचा पाय रात्रीचा ठणकायचा, मी तेल लावायची, सकाळी त्या माझ्या आधी दारात.

दिवाळीच्या पाडव्याला नवरा फराळ करताना सहज बोलला, की पिशोरच्या घराला कोणी भाडेकरू बघावा. बंद घर खराब होतं. आत्या आत देवापाशी होत्या. ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण घंटी वाजायची थांबली.

मी म्हटलं, "तुम्ही शब्द दिलाय."

"अगं, मी गमतीत बोललो. तुला कळत नाय का? परत पडली तर? कोन बघनार?"

त्याचं चुकत नव्हतं. शेजारणीच्या फोनवर तो धावत गेला होता, आईची ती अवस्था त्यानं पाहिली होती, मी नाही. आणि तो जे बोलत होता ते मी स्वतः रोज मनात बोलत होते. नवऱ्याशी वाद घालायची मला सवय नाही. मी चकल्यांचा डबा दोन्ही हातांत धरून ठेवला.

"मला भीती तुमच्याहून जास्त वाटते," मी म्हटलं. "पण माझं गाव सुटलं ते मला माहीत आहे कसं असतं. मी निदान लग्न करून आले. त्यांना आपण उचलून आणलंय. त्या चालल्या तर त्यांना जाऊ द्यायचं. नाही चालल्या तर मी पुन्हा बोलणार नाही."

त्यानं फराळाची ताटली बाजूला सारली. जरा वेळानं चहा मागितला. आतली घंटी पुन्हा वाजायला लागली.

दौडीच्या दिवशी चांगलीच थंडी होती. मैदानावर इतक्या सासवा आणि इतक्या सुना एकत्र मी कधी पाहिल्या नव्हत्या. कोणाची सासू सुनेचा पदर नीट करत होती, कोणाची सून सासूवर वसकत होती की स्वेटर का आणला नाही. खालच्या मजल्यावरची जोडी सगळ्यात पुढं उभी होती, एकमेकींकडं न बघता.

शिट्टी झाली. आणि मी इतक्या महिन्यांत जे शिकले ते सगळं विसरले. गर्दी पळाली तशी मी पळाले. आत्यांचा हात माझ्या हातात होता, तो मी ओढत निघाले. मागून गाडी येते आहे एवढंच डोक्यात. थोडं पुढं गेल्यावर हात जड झाला. वळून बघते तर आत्यांचा चेहरा पांढरा. त्या वाकून मांडी धरून उभ्या राहिल्या.

"राहू दे आत्या," मी म्हटलं. "बसू या गाडीत. मी ह्यांना सांगते, तुम्ही चाललात म्हणून."

आत्यांनी श्वास घेतला. मग माझा हात सोडून माझ्या पदराचं टोक धरलं. "तू म्होरं व्हय. वळून बगू नको. दमानं."

मी निघाले. हळू. मागं बघायचं नाही हे फार अवघड होतं. पण पदर ताणला की कळायचं त्या मागं पडल्या, ढिला झाला की कळायचं आल्या. सगळं लक्ष त्या पदरात ठेवलं तशी माझी धडधड कमी झाली. लोक पुढं गेले. गाडीचा आवाज मागं कुठं तरी होता, जवळ यायचा, लांब जायचा. अर्ध्या वाटेवर लिंबाच्या झाडाखाली खालच्या मजल्याची जोडी बसलेली दिसली. सासूबाईंना पोटात कळ आली होती आणि सून म्हणत होती, "सांगितलं होतं ना, पोहे खाऊ नका." आत्या जाता जाता म्हणाल्या, "या मागून, दमानं." नंतर मला ऐकू आलं की त्या दोघीही उठून चालायला लागल्या होत्या, भांडतच.

रेघ दिसली तशा आत्या पुढं आल्या. त्यांनी पदर सोडला आणि हात दिला. आमच्यामागं ती भांडणारी एकच जोडी होती आणि मग गाडी. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी मेडल घेऊन धावत आली. आत्यांनी मान वाकवून ते घालून घेतलं. पण बघत होत्या त्या माझ्या नवऱ्याकडं. तो कडेला उभा होता.

"कव्हा निघायचं?" त्यांनी विचारलं.

नवरा जमिनीकडं बघत म्हणाला, "जाऊ की माय. पन आता पौष लागतोय. पौषात नवं काय सुरू करत नायत, तूच म्हनतीस."

आत्यांचा श्वास अजून बसला नव्हता. त्या थांबल्या, दम खाल्ला आणि म्हणाल्या, "घरी जानं नवं हाय व्हय?"

तो हसला, आणि मग तोंड फिरवून डोळे पुसले.

पौषातच आम्ही त्यांना पिशोरला सोडलं. नवरा आधी एकटा जाऊन आला होता. अंगणातल्या त्या दगडाला त्यानं छिन्नीनं टाकी लावून घेतली होती, जात्याला लावतात तशी, सगळा खरबरीत. आत्यांनी त्यावर बूट घासून बघितला आणि आत गेल्या. शेजारणीकडं घराची एक किल्ली ठेवली. निघताना त्या बसस्टँडपर्यंत आल्या, एक पाऊल मागं. मी वळून बघितलं नाही.

आता रोज सकाळी मी एकटी चौकापर्यंत चालून येते. आत्या तिकडं मळ्यातल्या विहिरीपर्यंत जातात आणि परत आल्यावर फोन करतात. जास्त बोलत नाहीत. "आले गं," म्हणतात, "तू आलीस का?" मी आले म्हणते. माझी चिंता गेलेली नाही, ती जाणारही नाही. फोन वाजेपर्यंत मी शिलाई मशीनला पाय लावत नाही.